टेलपर्यंतचे मोजमाप : अनेक हद्दींतून जाणाऱ्या क्लाउड-स्लाइसच्या देखरेखीची प्रस्तावना

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिणेला, उमापूर आहे. तिथून एखादा रुग्ण ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवर शहरातल्या डॉक्टरांशी बोलतो आहे अशी कल्पना करा. दोन मिनिटे सगळे सुरळीत चालते. मग चित्र गोठते, आवाज तुटतो, डॉक्टर एक सांगतात आणि रुग्णाला अर्धेच ऐकू येते. तक्रार केली तर मोबाइल कंपनी सांगते, टॉवर व्यवस्थित चालू आहे. फायबर सांभाळणारे सांगतात, लाइन कुठेही तुटलेली नाही. डेटा सेंटरमधून उत्तर येते, आमचा सर्व्हर जेमतेम ४० टक्के भरलेला आहे. तिघांच्याही पडद्यावर हिरवा दिवा आहे, तिघेही खरे बोलत आहेत, आणि गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर हे न कळताच रुग्ण घरी गेला आहे.

प्रत्येकाचे खरे असूनही सगळ्यांचे मिळून खोटे कसे ठरते, आणि ते ओळखायचे कसे, हा ज्या विद्याशाखेचा प्रश्न आहे तिची ही प्रस्तावना आहे. विषयाचे पूर्ण नाव लांबलचक आहे : अनेक प्रशासकीय हद्दींतून जाणाऱ्या क्लाउड-नेटवर्क स्लाइसमधील संसाधनांची देखरेख. नावाला घाबरून कोणी मागे फिरू नये. बारावीचे गणित, संगणकाची साधारण ओळख आणि कोणाच्याही हिरव्या दिव्यावर लगेच विश्वास न ठेवण्याची सवय एवढे भांडवल सुरुवातीला पुरते.

आधी स्लाइसविषयी. पूर्वी एका कामासाठी एक जाळे बांधले जाई : टेलिफोनचे वेगळे, केबल टीव्हीचे वेगळे, बँकांचे वेगळे. आता प्रत्यक्ष जाळे एकच असते आणि त्यातून कामापुरता वाटा राखून दिला जातो. त्या वाट्यात रेडिओ लहरींचा काही भाग असतो, फायबरवरची काही क्षमता असते आणि डेटा सेंटरमधले काही प्रोसेसर, मेमरी व डिस्क असते. वापरणाऱ्याला मात्र ते सारे मिळून एकच, फक्त आपल्यासाठी असलेले जाळे वाटते. मागणी आली की तो उभा करायचा, काम संपले की मोडायचा आणि सामग्री परत करायची. मोबाइलच्या जगात ५जीच्या मानकांनी २०१८ सालच्या 'रिलीज १५'मध्ये स्लाइसला अधिकृत जागा दिली. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि त्यानंतर जिओने आपल्या स्वतंत्र ५जी जाळ्यावर घरगुती ब्रॉडबँडसाठी स्लाइस वापरत असल्याचे जाहीरपणे सांगितले. म्हणजे ही कल्पना प्रयोगशाळेतून बाहेर पडली आहे.

एकाच कंपनीच्या हद्दीत स्लाइस असेल तर देखरेख अवघड असली तरी आटोक्यातली असते. मालक एक, नियम एक, नियंत्रण कक्ष एक. खरी अडचण हद्द ओलांडली की सुरू होते. भारतनेटचेच पाहा. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली, पुढे त्याचे नाव भारतनेट झाले. मूळ रचनेत तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी नावाचे यंत्र आणि ग्रामपंचायतीत ओएनटी, मध्ये काचतंतू. ४ ऑगस्ट २०२३ रोजी १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मान्यता मिळाली, त्यात एका बाजूने तंतू तुटला तर दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी म्हणून वलयाकार जोडणीवर भर आहे. पण गावातून निघालेली माहितीची पुडकी, म्हणजे पॅकेट्स, गेवराई, बीड, छत्रपती संभाजीनगर असे टप्पे घेत मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरात पोचेपर्यंत किती जणांच्या ताब्यातून जातात ते मोजायला बसले की विषयाची व्याप्ती ध्यानात येते. रेडिओ एकाचा, टॉवर दुसऱ्याचा, तंतू तिसऱ्याचा, क्लाउड चौथ्याचा आणि सेवा पाचव्याची. संपूर्ण वाट कोणाच्याच नजरेसमोर नसते.

ज्यांनी कालव्याचे पाणी घेतले आहे त्यांना या विषयाचा गाभा समजायला वेळ लागणार नाही. जायकवाडीचा उजवा कालवा पैठणहून निघतो, १३२ किलोमीटर धावतो आणि गेवराई तालुका ओलांडून माजलगावच्या जलाशयाला पाणी देतो. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून लघुवितरिका, तिथून विमोचक आणि शेवटी शेतचारी. मुखाशी किती पाणी सोडले हे सांगून टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचे समाधान होत नाही, आपल्या चारीत किती आले एवढाच त्याचा प्रश्न असतो. २००५ साली महाराष्ट्राने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम केला, तेव्हा पाणी वापर संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, द्यायचे ठरले. त्यासाठी शासनाच्या ताब्यातले पाणी जिथे संस्थेच्या ताब्यात जाते तिथेच मोजमाप यंत्र हवे. हद्दीवर मोजणी झाली की वरच्याने किती दिले, खालच्याला किती मिळाले आणि तूट कोणाच्या हद्दीत झाली ते कळते. हद्दीवर मोजणी नसली की पाणी कुठे मुरले याची नुसती टोलवाटोलवी होते. स्लाइसच्या देखरेखीतला पहिला नियम हाच आहे : हद्दीवर मोजा, दोन्ही बाजूंनी मोजा आणि दोघांनी एकाच मापाने मोजा. कालव्यात पाळी टेलपासून मुखाकडे देण्याचा आग्रह का धरला जातो तेही इथे आठवावे. टेलला पुरले तर वरच्यांना पुरतेच, उलटे मात्र होत नाही.

इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने मार्च २०२४ मध्ये 'आरएफसी ९५४३' हा आराखडा प्रसिद्ध केला. सेवा ज्या बिंदूवर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते त्या सीमांकन बिंदूला त्यात मध्यवर्ती स्थान आहे. त्याच आराखड्यातला आणखी एक भेद मला फार मोलाचा वाटतो. सेवेबद्दलची काही वचने मोजता येतात : विलंब किती, क्षमता किती, किती पुडकी गळाली. काही वचने ग्राहकाला बाहेरून मोजता येत नाहीत : माहिती अमुक भूभागाबाहेर जाणार नाही, ती सांकेतिक रूपातच जाईल, तुमचा वाटा इतरांपासून खरोखर वेगळा ठेवला जाईल. पहिल्या प्रकाराला ध्येये म्हटले आहे, दुसऱ्याला अपेक्षा. देखरेखीचे बहुतेक साहित्य पहिल्या प्रकारातच रमते. दुसऱ्याचे काय करायचे हा उघडा प्रश्न आहे आणि नव्या अभ्यासकासाठी तिथे भरपूर जागा आहे.

या विषयाचा इतिहास मोबाइलपेक्षा जुना आहे. २००२ साली अमेरिकेत 'प्लॅनेटलॅब' उभे राहिले. जगभरातल्या विद्यापीठांनी आपापले संगणक त्यात दिले आणि प्रत्येक संशोधकाला अनेक संगणकांवर मिळून एक वाटा मिळू लागला. त्या वाट्याला तेव्हाही स्लाइसच म्हणत. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या क्योंगसू पार्क आणि विवेक पै यांनी त्यावर 'कोमॉन' ही देखरेख प्रणाली चालवली. तिची एक गोष्ट आजही शिकण्यासारखी आहे. तिच्यात दोन नजरा होत्या : एक यंत्राची, म्हणजे या संगणकावर कोणकोण काय वापरते आहे, आणि दुसरी स्लाइसची, म्हणजे हा वाटा जगभर पसरून एकूण किती वापरतो आहे. त्याच आकड्यांची मांडणी बदलली की दिसणारे चित्र बदलते.

आपल्याकडेही असे काम झाले आहे आणि त्याचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी होतो म्हणून तो मुद्दाम करतो. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे 'गरुड' या राष्ट्रीय संगणन-ग्रिडचे काम हाती घेतले. पहिल्या टप्प्यात १७ शहरांतल्या ४५ संस्था त्यात जोडल्या गेल्या. प्रत्येक संस्थेची यंत्रे वेगळी, कार्यप्रणाली वेगळी, सुरक्षेचे नियम वेगळे, आणि वैज्ञानिकाला मात्र आपले गणित कुठेतरी नीट चालावे एवढेच हवे. या विखुरलेल्या पसाऱ्यावर एकत्र नजर ठेवायला सी-डॅकच्याच अभियंत्यांनी 'पर्यवेक्षणम्' नावाचे साधन बनवले. जाळ्याच्या दुव्यांची स्थिती, संगणक-समूहांचा भार आणि कामांची प्रगती एका ठिकाणी दिसावी हा त्याचा हेतू होता. क्लाउड हा शब्द घरोघरी पोचण्याआधी अनेक हद्दींच्या देखरेखीशी भारतीय अभियंत्यांनी अशी झुंज दिली होती. स्लाइसवर प्रबंध लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने तिथून सुरुवात केली तर पायाखालची जमीन घट्ट राहील.

क्लाउड आणि जाळे दोन्ही मिळून स्लाइस करण्याच्या विचाराला २०१७ ते २०१९ या काळात 'नेकोस' प्रकल्पाने आकार दिला. ब्राझील आणि युरोपीय संघाचे ते संयुक्त काम होते, कॅम्पिनास, लंडन, बार्सिलोना इथली विद्यापीठे त्यात होती. त्यांनी स्लाइसचे तुकडे मानले, प्रत्येक तुकडा वेगळ्या मालकाच्या हद्दीत. प्रत्येक मालकाची देखरेखीची साधने जशी आहेत तशी राहू द्यायची आणि त्यांच्यावर एक अमूर्त थर बसवायचा, जो सगळ्यांची मापे एका भाषेत आणील, अशी त्यांची दिशा होती. मालकाला आपली साधने बदलायला लावायची नाहीत हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. पाच कंपन्यांना एकच सॉफ्टवेअर घ्यायला लावण्यात दहा वर्षे जातील.

आता थोडे जवळून पाहू, कारण या क्षेत्रातली खरी कसरत बारीक गोष्टींत आहे.

पहिली कसरत ओळखीची. ५जीमध्ये प्रत्येक स्लाइसला ३२ बिटांपर्यंतची ओळख असते : ८ बिट सेवेचा प्रकार सांगतात आणि २४ बिट त्या प्रकारातला नेमका वाटा. एका फोनला एका वेळी जास्तीत जास्त आठ स्लाइस वापरता येतात. पण ही ओळख मोबाइल कंपनीच्या दारापर्यंतच चालते. तंतूच्या जाळ्यात तोच वाटा एखाद्या व्हीलॅनचा किंवा बोगद्याचा क्रमांक होतो, क्लाउडमध्ये तो एखाद्या नेमस्पेसचे किंवा प्रोजेक्टचे नाव होतो. ही नावे एकमेकांशी जोडणारी नोंदवही अद्ययावत नसेल तर पुढची सगळी मोजणी वाया जाते. आकडे अचूक असतात, पण ते कोणाचे आहेत ते कळत नाही. स्लाइस वाढला, आकसला, एका डेटा सेंटरमधून दुसऱ्यात गेला, की नोंदवहीत त्याच क्षणी फेरफार व्हायला हवा. बहुतेक पाठ्यपुस्तके या कामाला दोन ओळी देतात. प्रत्यक्षात अर्धी मेहनत इथेच खर्च होते.

दुसरी कसरत मापांची. एका मालकाच्या ओपनस्टॅक या क्लाउड प्रणालीवर प्रोसेसरचा वापर टक्क्यांत दिसतो. दुसऱ्याची कुबरनेटीज ही कंटेनर चालवणारी प्रणाली प्रोसेसर-सेकंदांचा सतत चढत जाणारा मोजक देते, दोन वेळांच्या वाचनातला फरक काढला की दर मिळतो. मेमरीचे तर आणखी अवघड. १६ जीबीच्या आभासी यंत्रात प्रत्यक्ष कामाला ५ जीबी लागली आहे आणि ९ जीबीत लिनक्सने अलीकडे वाचलेल्या फायली साठवून ठेवल्या आहेत, गरज पडली तर ती जागा लगेच मोकळी होते. ही साठवण धरली तर वापर ८७ टक्क्यांच्या वर, सोडली तर ३१ टक्के. दोन मालकांनी दोन रीतींनी मोजले आणि वरच्या थराने त्यांची सरासरी काढली, तर निघणाऱ्या आकड्याला काहीच अर्थ नाही. तरी असे आकडे सुबक आलेखांत बसून बैठकीत दाखवले जातात.

तिसरी कसरत वेळेची, आणि इथे त्या ४० टक्क्यांच्या सर्व्हरचा उलगडा होतो. डेटा सेंटर दर पाच मिनिटांची सरासरी नोंदवते असे धरू. त्या ३०० सेकंदांपैकी २८० सेकंद प्रोसेसर ३५ टक्के भरलेला होता आणि २० सेकंद पूर्ण १०० टक्के. सरासरी येते ३९ टक्क्यांच्या आसपास. पडद्यावर हिरवा दिवा. पण डॉक्टरांचा आवाज तुटला तो त्याच २० सेकंदांत. मग दर सेकंदाला मोजावे काय? २०० कंटेनर, प्रत्येकाची १०० मापे, दर १० सेकंदांना एक नोंद, एवढे जरी धरले तरी दिवसाला १७ कोटी २८ लाख नोंदी होतात. त्या हद्दींपलीकडे पाठवायच्या तर पुन्हा तेच जाळे वापरावे लागते. देखरेखच स्लाइसचा वाटा खाऊ लागते. म्हणून चांगली प्रणाली सुस्थितीत विरळ मोजते आणि संशय आला की त्या तेवढ्या भागात दाट. कधी दाट करायचे हे ठरवणे ही स्वतंत्र विद्या आहे.

विलंबाचा विचार करताना आधी निसर्गाची मर्यादा लक्षात घ्यावी. काचतंतूतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. उमापूरहून मुंबईपर्यंत वळणे-वळसे धरून ५०० किलोमीटर तंतू मानला तरी एका दिशेचा विलंब अडीच मिलिसेकंद होतो. संभाषणासाठी एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब चालतो असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची (आयटीयू) जी.११४ ही शिफारस सांगते. म्हणजे अंतर हे कारण नव्हेच. विलंब साचतो तो रांगांमध्ये : रेडिओवर पाळीची वाट पाहताना, अरुंद दुव्याच्या तोंडाशी, व्यग्र प्रोसेसरसमोर. गाव दूर आहे म्हणून असे होते, हे उत्तर कोणी दिले तर त्याला हे गणित करून दाखवावे. मात्र कोणत्या रांगेत किती वेळ गेला हे कळायला दोन हद्दींतली घड्याळे जुळलेली हवीत. एकाचे घड्याळ १५ मिलिसेकंद पुढे असेल तर ५ मिलिसेकंदांचा विलंब एका दिशेला २० आणि उलट दिशेला उणे १० दिसतो. उणे विलंब दिसला की घड्याळ चुकले हे निदान समजते. खरी धास्ती २ मिलिसेकंदांच्या चुकीची असते, ती कोणाच्या नजरेस येत नाही.

आणि मग बेरीज. तीन हद्दींनी प्रत्येकी ९९.९ टक्के उपलब्धतेचे वचन दिले. प्रत्येकाच्या वाट्याला ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटांची मुभा येते. तिघांची बंद वेळ एकमेकांशी संबंधित नसेल तर संपूर्ण वाटेची उपलब्धता ९९.७ टक्के होते, म्हणजे महिन्याला सव्वादोन तासांच्या जवळपास. तिघांनीही शब्द पाळला आणि गावाला मात्र तिप्पट खंड सोसावा लागला. विलंबाची बेरीज याहून फसवी. प्रत्येक हद्दीतल्या ९५ टक्के पुडक्यांचा विलंब अमुक मर्यादेच्या आत आहे असे तीन आकडे मिळाले, तर त्यांची बेरीज म्हणजे संपूर्ण वाटेची ९५ टक्क्यांची मर्यादा नव्हे. खरे उत्तर काढायला प्रत्येकाचे पूर्ण वितरण हवे, आणि त्या तिघांची गर्दी एकाच वेळी होते की वेगवेगळ्या वेळी हेही कळायला हवे. संध्याकाळी सातला गावातला टॉवरही भरतो आणि शहरातला सर्व्हरही, तेव्हा स्वतंत्रतेचे गृहीतक कोसळते. म्हणून करार करताना सरासरीऐवजी वितरणाचे तक्ते मागावेत असा माझा आग्रह आहे.

बीड जिल्ह्यातून पाहिले की या विषयात आणखी एक गोष्ट दिसते, जी लंडन-बार्सिलोनाच्या निबंधांत शोधून सापडायची नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. गावात म्हातारी माणसे राहतात, काही मुले हंगामी वसतिगृहांत राहतात. गाळप संपून माणसे परतेपर्यंत गावातल्या टॉवरवरची मागणी घटलेली असते आणि तीच मागणी कोल्हापूर-सांगलीच्या फडांत, कोप्यांच्या वस्तीवर, उगवलेली असते. देखरेखीत आता यंत्रशिक्षणाचा वापर रूढ झाला आहे : नेहमीचा भार शिकायचा आणि फरक पडला की इशारा द्यायचा. वर्षभराची सवय न शिकलेली अशी प्रणाली दिवाळीनंतर गावात बिघाड झाला असे सांगेल किंवा मागणीच नाही म्हणून तिथला वाटा काढून घेईल. तो वाटा काढून घेतला की मागे राहिलेल्या आजीला मुलाशी बोलता येणार नाही. उलट बाजूने, उमापूरला उपचार सुरू झालेल्या बाईची पुढची तपासणी फडावरून व्हायची असेल तर तिच्यासाठीचा स्लाइस दुसऱ्या मालकाच्या हद्दीत, दुसऱ्या डेटा सेंटरजवळ, नवा तुकडा जोडून पसरायला हवा. आडवी लवचीकता म्हणतात ती हीच. तुकडा नवा असला तरी त्याच्याबरोबर मोजणीची साधने पहिल्या क्षणापासून उभी राहिली पाहिजेत, आणि तुकडा मोडल्यावरही हिशेबापुरत्या नोंदी मागे उरल्या पाहिजेत. देखरेखीने यंत्रांना बांधून न राहता वाट्यामागे, आणि वाट्याने माणसांमागे जावे, हे या क्षेत्राबद्दलचे माझे मुख्य म्हणणे आहे.

यात तंत्राइतकाच प्रश्न विश्वासाचा आहे. कोणताही मालक आपल्या जाळ्याची अंतर्रचना, भरलेले-रिकामे कोपरे, बिघाडांची संख्या परक्याला दाखवायला तयार नसतो. त्याची भीती अगदी निराधार नाही, त्यातून प्रतिस्पर्ध्याला फायदा होऊ शकतो आणि हल्लेखोरालाही. म्हणून प्रॉमिथियससारखी साधने, जी स्वतः जाऊन आकडे ओढून आणतात, एका हद्दीत उत्तम चालतात आणि परक्याच्या दारात अडतात. तिथे आतल्या माणसानेच निवडक, गोळा केलेले आकडे बाहेर पाठवायचे असतात. काय निवडले आणि कसे गोळा केले याची पडताळणी ग्राहकाने कशी करावी? माझ्या मते ग्राहकाला आपल्या टोकापासून स्वतः मोजण्याचा हक्क करारातच असला पाहिजे. प्रोसेसरवर शेजाऱ्याने अतिक्रमण केले तर आभासी यंत्राच्या आतून चोरलेल्या वेळेचा आकडा दिसतो, पुडक्यांवर खुणा करून त्यांची गळती दोन्ही टोकांना मोजता येते. अशी साधने ग्राहकाच्या हाती आहेत. ती वापरण्याची मुभा मात्र प्रत्येक वेळी मागून घ्यावी लागते.

नियमनाची पातळीही हळूहळू खाली येते आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमावलीने जिल्हा पातळीवरच्या मोठ्या खंडांची दखल घेतली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण बीड जिल्ह्याच्या आकड्यात बीड शहर, अंबाजोगाई, परळी सगळे मिसळते आणि एका गावाची अडचण त्यात विरघळून जाते. जिल्ह्याच्या सरासरीवर समाधान मानणारी व्यवस्था टेलला पोचत नाही.

मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना मी या क्षेत्रात मनापासून बोलावतो. साधने बहुतेक सगळी मुक्त आहेत. आयआयटी मुंबई आणि समीर या संस्थांसह एकूण आठ संस्थांनी उभारलेला देशी ५जी टेस्ट बेड १७ मे २०२२ पासून संशोधकांना आणि नवउद्योगांना खुला आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभरच्या शिक्षणसंस्थांना १०० ५जी प्रयोगशाळा जाहीर झाल्या. त्यांची वाट पाहत थांबायचेही कारण नाही. तीन मित्रांनी आपापले लॅपटॉप घ्यावेत, एकावर ओपनस्टॅक, दुसऱ्यावर कुबरनेटीज, तिसऱ्यावर नुसते लिनक्स. एकमेकांना पासवर्ड द्यायचा नाही. तिघांतून जाणारा एक स्लाइस करावा, मधल्या दुव्यावर मुद्दाम विलंब घालावा आणि तो कोणाच्या हद्दीत आहे हे फक्त बाहेर दिलेल्या आकड्यांवरून शोधून दाखवावे. ते जमले की खरे जाळे घ्या. गावाकडच्या टोकापासून मोजायला लागा, दसऱ्याच्या आधी सुरू करा आणि गाळप संपून माणसे परत येईपर्यंत नोंदी ठेवा. असा पूर्ण हंगामाचा एक प्रामाणिक संच गेवराई तालुक्यातल्या एका गावाचा जरी तयार झाला तरी या विद्याशाखेला त्याची गरज आहे. तो तयार करून सगळ्यांसाठी खुला ठेवा.